टाकी नंबर अकरा

आमच्या प्लांटवर टाक्या दहाच होत्या. अकराव्या टाकीची नोंद मात्र लॅबच्या रजिस्टरमध्ये रोज होत होती, आणि ती माझ्या अक्षरात आहे. तपासणीला आलेल्या एका माणसाने विचारलंसुद्धा, की ही टाकी कुठे आहे. आमच्या लॅबचे प्रमुख सावंतसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, कासूला. मी खोटं बोलले नाही. ती टाकी कासूलाच राहायची, तिचं नाव बाळाराम म्हात्रे, आणि पहिल्या पाळीला ती स्वतःच्या पायांनी कामावर यायची.

त्या दिवसानंतर सावंतसाहेबांनी मला वेगळी वही करायला लावली. जुन्या नोंदीही मी त्या वहीत उतरवून घेतल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातली पहिली मुलगी असं नाही, पहिलं माणूस. जोह्याहून एसटीने पेणच्या कॉलेजात जाऊन बीएस्सी झाले, केमिस्ट्री घेऊन, आणि रोह्याजवळ धाटावला एका रसायनाच्या कंपनीत लॅबला लागले. हे मी अभिमानाने सांगते, तेव्हाही सांगायचे. जरा जास्तच सांगत असेन, कारण आठवडाभरात अख्खा प्लांट मला नावाऐवजी ‘बीएस्सी’ म्हणायला लागला. बाळारामदादांनी त्याला ‘बाय’ जोडलं. बीएस्सीबाय. ते चाळिशी ओलांडलेले, शिक्षण सातवी, वडिलांबरोबर मिठागरात काम करून मग कंपनीत आलेले. पायपाला तळहाताची मागची बाजू लावून तापमान सांगायचे आणि मग गेजवर बघायचे. गेज चुकतंय का, ते बघायला.

माझा तिसरा दिवस होता. चार नंबर टाकीचा नमुना घ्यायला मी स्वतः गेले. व्हॉल्व्ह उघडला, बाटली भरली, निघाले. लॅबमध्ये तपासलं तर माल नापास. माझी पहिलीच बॅच आणि मी ती नापास केली, म्हणून मला थोडं बरंही वाटत होतं. दादा वर आले, बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, “गो बाय, यात काय भरलंस? हा पायपात बसलेला कालचा माल हाय.”

मला परत टाकीपाशी नेलं. व्हॉल्व्ह उघडून आधी बादलीभर माल वाहू दिला. मग बाटली त्याच मालाने दोनदा विसळून ओतून टाकली. तिसऱ्यांदा भरली. लाइन फ्लश केल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, हे त्यांनी मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं दोन वेळा म्हणायला लावलं. नवा नमुना पास झाला. तीन वर्षांच्या कॉलेजात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या गुणपत्रिकेत प्रॅक्टिकलला फर्स्ट क्लास आहे.

त्यांच्या लॉगशीटवरून त्यांना ओळखता यायचं. दर तासाला रीडिंग घ्यायची पद्धत. बाकीचे ऑपरेटर नऊ, दहा, अकरा असं लिहायचे, काही जण तर पाळी संपताना एकाच पेनाने आठ तास लिहून काढायचे. दादांच्या शीटवर ९:०४, १०:०७, ११:०२ असायचं. मी विचारलं, दहाला सात मिनिटं काय कमी-जास्त? ते म्हणाले, दहा वाजता मी पाच नंबरवर व्हतो, सातला इकडं आलो, मग दहा कशाला लिवू? एकदा पंप बंद पडून माल वाया गेला, आणि दुसऱ्या पाळीच्या एका नव्या ऑपरेटरवर आळ आला. पंप त्याची पाळी सुरू व्हायच्या आधीच गरम झाला होता, हे फक्त दादांच्या २:५२ च्या नोंदीमुळे कळलं. तो ऑपरेटर त्यांच्या पाया पडायला आला. दादांनी त्याला विचारलं, तुझ्या शीटवर तीन वाजता काय लिवलंस? त्याने शीटवर तीनचं रीडिंग आधीच लिहून ठेवलं होतं. दादा त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

साखर त्यांना बरीच वर्षं होती. चहा बिनसाखरेचा घ्यायचे. त्यात ग्लुकोजची चार बिस्किटं बुडवायचे. बायको, तारावहिनी, डब्यात चिठ्ठी ठेवायच्या की बिस्किटं खायची नाहीत. दादा चिठ्ठी वाचून नीट घडी करून ठेवायचे आणि म्हणायचे, डॉक्टर साखर बंद बोलला, बिस्किटाचा मना काय बोलला नाय.

त्यांच्या दुखण्याची पहिली नोंद लॉगशीटवरच सापडते. रिअॅक्टरच्या शिडीवर अर्ध्यात ते बसले. खाली आल्यावर नेहमीच्या रकान्यात लिहिलं: ‘११:२२ छातीत दुखले. ११:३१ थांबले. पंप चालू.’ शिफ्टच्या साहेबांनी सहीसुद्धा केली. त्यांचं सगळं लक्ष पंपावर.

पुढे कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना मुंबईला धाडलं. अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तीन नळ्या, आणि त्याही एकेका जागी नव्हे, जागोजागी चोंदलेल्या. तिथल्या सर्जननी दादांना आणि वहिनींना समोर बसवून समजावलं. वहिनींनी ते जसंच्या तसं पाठ करून मला येऊन सांगितलं होतं. साखरेच्या माणसाच्या नळ्या अशाच लांबवर खराब होतात, फुगा घालून एखादी जागा मोकळी करण्यापेक्षा बायपास केलेली त्याला जास्त टिकते. पायातली शीर काढायची आणि चोंदलेल्या जागेला वळसा घालून जोडायची. दादांना हे लगेच पटलं. प्लांटवर बायपास लाइन असतेच. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पायातली लाइन काढली तर पायाचं काय. सर्जन म्हणाले, हाच प्रश्न बरोबर आहे. ऑपरेशन आम्ही करू, ते होईल. पण साखर जास्त असली तर जखमा भरत नाहीत, पू होतो, छातीत आणि पायात, दोन्हीकडे. आणि जोडलेल्या शिरासुद्धा साखरेने पुन्हा चोंदतात. दोन महिन्यांनी या, तोवर साखर खाली आणा, आणि रोजची नोंद घेऊन या.

रोजची नोंद म्हटल्यावर दादा खूश झाले.

कासूला तेव्हा रक्त तपासायची सोय नव्हती. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज लघवी तपासा, निळ्या औषधात उकळून. ते निळं औषध म्हणजे बेनेडिक्टचं द्रावण, ते आमच्या लॅबच्या फडताळात होतंच. त्यात आठ थेंब टाकून उकळलं की साखर नसेल तर निळं राहतं, थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फार असेल तर विटेसारखं लाल.

दादांना आता पहिली पाळी कायमची दिली होती. मी नऊला यायचे. सव्वानऊला ते एक बाटली घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर सुतळी, सुतळीत चिठ्ठी: टा. नं. ११. टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बाय, हा अकरा नंबरचा हाय. निळ्यात बघ.”

मी समजले. मी तेवीस वर्षांची, ते माझ्या वडिलांच्या वयाला आलेले. त्या विषयावर आम्ही दोन महिन्यांत आपसांत जे काही बोललो ते फक्त रंगांबद्दल. पुढे जे झालं त्याचं कारण हेच. लाज दोघांनाही होती आणि तिच्यापायी कोणी एक प्रश्न विचारला नाही.

पहिले तीन दिवस वीट आली. दादांनी बिस्किटं बंद केली, ती खरोखर बंद केली, पाकीट मला देऊन टाकलं. चौथ्या दिवशी हिरवा. आठवड्याने निळसर हिरवा. पुढे सलग निळा. नमुनाही आता पाण्यासारखा स्वच्छ येत होता, ते बघून मला वाटायचं, प्रकृती सुधारली. मी ग्राफपेपर आणून रंगीत पेन्सिलींनी तक्ता केला. खाली माझं नाव आणि पुढे बीएस्सी असं लिहिलं. सावंतसाहेब म्हणाले, इतका सुंदर तक्ता तू कंपनीच्या मालाचा कधी केला नाहीस. दादा तो तक्ता गुंडाळून, प्लास्टिकमध्ये घालून मुंबईला घेऊन गेले.

दवाखान्यात दाखल करताना रक्त तपासलं. साखर इतकी, की लॅबवाल्याने परत काढलं. तेवढीच. दादा डॉक्टरांना म्हणाले, तुमचा रिपोर्ट चुकला, आमची बीएस्सीबाय चुकत नाय. त्यांनी तक्ता पसरून दाखवला. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा रक्त घ्यायला लावलं, माझ्या तक्त्याचा मान म्हणून. तेवढीच.

मग एका तरुण डॉक्टरने खाटेवर बसून विचारलं, “काका, नमुना घेता कसा?”

दादांनी अगदी अभिमानाने सांगितलं. पहिले तीन दिवस त्यांनी तसाच घेतला होता, वीट आली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण पद्धतच चुकतोय. रात्रभर लाइनमध्ये बसलेला माल कशाला तपासायचा? तेव्हापासून सकाळी उठून दोन तांबे पाणी प्यायचे, जाऊन यायचे. परत दोन तांबे, परत जायचे. तिसऱ्या वेळचा नमुना बाटलीत. बाटलीही दोनदा विसळलेली.

वहिनी मला म्हणाल्या, “तो डॉक्टर हसला असता तर बरा झाला असता गो. तो हसला नाय, तवा मी घाबरले.”

साखर कमी झाली नव्हती, पाणी वाढलं होतं. कंपनीत ज्याने कधी दहाला सात मिनिटं खाल्ली नाहीत, त्याने दोन महिने खोटं रीडिंग दिलं होतं, आणि तेही नमुना खरा यावा म्हणून. आणि बाटलीतलं पाणी बघून ज्या केमिस्टने विचारायला हवं होतं, ती पेन्सिलींना टोक काढत होती.

ऑपरेशन पुढे ढकललं. दोन आठवडे इन्सुलिन देऊन साखर उतरवली, मग छाती उघडली. ऑपरेशन उत्तम झालं. हृदयाबद्दल त्यानंतर कोणाची तक्रार नव्हती. त्याच दिवशी, त्याच सर्जननी, शेजारच्या खाटेवरच्या एका निवृत्त मास्तरांचं तेच ऑपरेशन केलं होतं. मास्तरांना साखर नव्हती. त्यांचे टाके सुकले आणि ते ठरल्या दिवशी चालत घरी गेले. दादांची छाती भरायला वेळ लागला, आणि पायाची जखम, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जिथून शीर काढली होती ती, मधोमध उसवली. पू झाला. आम्ही लॅबमधले तिघे एका रविवारी बघायला गेलो तेव्हा मास्तरांची खाट रिकामी होती. दादा तिकडे बोट दाखवून मला म्हणाले, तो ब्लँक व्हता. आम्ही लॅबमध्ये कशातही काही न मिसळता शेजारी जी नळी ठेवतो, तुलनेसाठी, तिला ब्लँक म्हणतात. मला हसू आलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं काम आम्ही केलं. आता साखर खाली राहिली तर पाय भरेल. नाही राहिली तर जखम हाडाला लागेल, मग पाय ठेवता येणार नाही. दादांनी विचारलं, शिडी चढता येईल का? डॉक्टर म्हणाले, आधी पाय राहू दे.

पुढच्या रविवारी मी कासूला गेले. पिशवीत स्पिरिटचा दिवा, सहा परीक्षानळ्या, निळ्या औषधाची मोठी बाटली. सावंतसाहेबांनी ते लॅबमधून फुटलं असं दाखवलं आणि मला म्हणाले, तू काही बघितलं नाहीस. घरात दादा खाटेवर होते, पाय उशीवर. वहिनी ड्रेसिंग करत होत्या. मी दारातच सांगून टाकलं, की चूक माझी आहे, मला विचारायला हवं होतं. ते वाक्य मी रस्ताभर घोकत आले होते.

दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वही आणलीस?”

आणली होती. त्यांनी पेन मागितलं. कंपनीचा नियम असा, की चुकलेलं रीडिंग खोडायचं नाही, त्यावर पांढरा रंग लावायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. चौथ्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येक नोंदीवर त्यांनी पट्टी ठेवून रेघ मारली. प्रत्येक रेघेपुढे ‘बा. म्हा.’ मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायले. सगळं झाल्यावर वही माझ्याकडे सरकवली.

“घेणाऱ्याची सही झाली. आता तपासणाऱ्याची.”

मी प्रत्येक ओळीपुढे सही केली. वहिनी म्हणाल्या, तुमचा झाला असेल तर पाय हलवू नका, मना पट्टी बांधायचीय. माफीचं एवढंच झालं. परत कोणी तो विषय काढला नाही.

मग पद्धत ठरली. पेणचे डॉक्टर इन्सुलिन किती द्यायचं ते दर शनिवारी वही बघून ठरवणार. तपासणी दादा घरीच करणार, सकाळी उठल्याबरोबर, पाणी न पिता. पण नोंद माझ्याकडे व्हायला हवी. ते म्हणाले, घेणारा आणि लिवणारा एकच माणूस असू नये. त्यांच्या घरी फोन नव्हता. आमची जनरल शिफ्टची बस पेणहून निघून कासूच्या फाट्यावर थांबायची, तिथे चार जण चढायचे.

पहिल्या दिवशी मी खिडकीशी बसले. दादा काठी टेकत फाट्यावर आलेले, वहिनींनी एका हाताने धरलेलं. दादांच्या मोकळ्या हातात परीक्षानळी. बस थांबल्यावर त्यांनी ती आधी हलवली, कारण गाळ तळाला बसतो, आणि डोक्याच्या वर धरली. वीट. मी वहीत लिहिलं.

आठ दिवस मी एकटीच बघत होते. नवव्या दिवशी ड्रायव्हरने विचारलं, हे रोज काय दाखवतात? मला सांगावं लागलं. त्यानंतर बस फाट्यावर आली की उजव्या बाजूचे सगळे डावीकडे यायचे. नारिंगी दिसला तर मागून कोणीतरी म्हणायचं, काल बारसं होतं ना कासूत. पिवळ्याला लोक आपापल्या जागी परत जायचे. पहिल्यांदा हिरवा आला तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आणि दादा दचकले, नळी पडून फुटली. तो हिरवा लिहावा की नाही, मला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीपाशी येऊन सांगितलं, कालचा लिवू नको, हॉर्न वाजेपर्यंत तू नीट बघितला नसशील. मी नीट बघितला होता. पण लिहिला नाही.

पावसाळा तसा गेला. ते छत्री घेऊन यायचे, नळी छत्रीच्या बाहेर धरायचे, रंग नीट दिसावा म्हणून. हिरवे दिवस वाढत गेले. पायाची जखम दोन्ही टोकांनी भरत मधे आली, रुपयाएवढी राहिली, चवलीएवढी राहिली. नवरात्रात एका सकाळी ते काठीशिवाय उभे होते. निळा दाखवला, नळी वहिनींच्या हातात दिली, आणि पँटचा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाय पुढे केला. घोट्यापासून वर गुलाबी, वेडीवाकडी, पण बंद रेघ. अख्ख्या बसने बघितली.

ते कामावर परत आले. शिडी मिळाली नाही, कंपनीच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. दादा शिडीखालून जाताना वर बघायचे. त्यांना खालीच ठेवलं, आमच्या जनरल शिफ्टला, नव्या पोरांना नमुना घ्यायला शिकवायला. नवी बीएस्सी, एमएस्सी झालेली पोरं. त्यांना ते व्हॉल्व्ह उघडून बादली भरू द्यायचे, बाटली विसळायला लावायचे, लाइन फ्लश करण्याचं दोन वेळा म्हणायला लावायचे. आणि शेवटी सांगायचे, माणसाचा नमुना असेल तर मात्र फ्लश करायचा नाय. पोरं एकमेकांकडे बघायची. त्याचं कारण दादांनी कधी सांगितलं नाही.

पुढे त्यांनी निवृत्ती घेतली. पण फाट्यावर यायचे थांबले नाहीत. त्या एका ऑपरेशनवर ते बरीच वर्षं जगले. गेले ते मला उशिरा, वहिनींच्या पत्रातून कळलं, आणि तेही हृदयाने नाही, तापाने. दोन्ही पायांसकट गेले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या खूप आधी. मला तारापूरला नोकरी लागली होती आणि धाटावचा तो माझा शेवटचा दिवस होता. गणपती नुकतेच गेले होते. आदल्या संध्याकाळी वही मी घरी बॅगेत भरून टाकली होती. नव्या केमिस्टसाठी कोरी वही आणली होती, पण ती लॅबमध्ये होती. बस फाट्यावर थांबली. दादा एकटेच आले होते, धोतर, पांढरा सदरा, दोन्ही पायांवर सारखे उभे. माझा शेवटचा दिवस आहे हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी नळी हलवली. त्या दिवशी ती खिशात ठेवून नुसता हात केला असता तरी चाललं असतं. बसमधल्या कोणी काही म्हटलं नसतं. त्यांनी ती नेहमीपेक्षा वर धरली.

मागून कोणीतरी म्हणालं, मोदक. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. दादा माझ्याकडे बघत होते, मी लिहितेय का ते. मी पर्समधून एसटीचं जुनं तिकीट काढलं, मागच्या बाजूला लिहिलं आणि काचेला लावून त्यांना दाखवलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा बस निघाली.

७:४३. वीट.